झॅम्प चालत नाही? पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी या चुका टाळा

पीएचपी ही वेबसाइट बनवण्याची भाषा शिकायला घेतलेल्या अनेकांचा पहिला आठवडा पीएचपीत जातच नाही. तो झॅम्पच्या कंट्रोल पॅनलपुढे जातो. झॅम्प म्हणजे अपाची हा वेब सर्व्हर, मायएसक्यूएल हा डेटाबेस आणि पीएचपी आपल्याच संगणकावर एकत्र टाकून देणारं पॅकेज. अपाचीच्या नावामागे हिरवा रंग येत नाही, मायएसक्यूएल क्षणभर चालू होऊन बंद पडतं, ब्राउझरमध्ये भलतंच काही दिसतं. मग मित्र सांगतो, 'काढून टाक आणि परत टाक.' माझ्या मते नवशिक्याची सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बिघाड बहुतेक वेळा झॅम्पच्या बाहेर असतो, म्हणून नव्याने टाकलेलं झॅम्पही त्याच जागी अडतं; आणि या घाईत महिनाभर जमवलेला डेटाबेस मात्र जाऊ शकतो.

आधी ब्राउझर काय सांगतोय ते वाचा

लोकलहोस्ट, म्हणजे तुमच्याच संगणकाचा पत्ता, उघडल्यावर 'कनेक्शन नाकारलं' असा संदेश आला, तर अपाची चालू नाही किंवा दुसऱ्या पोर्टवर (संगणकाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या दारावर) चालू आहे. ४०४ आला तर उलट खूश व्हा: अपाची व्यवस्थित चालू आहे, फक्त तुमची फाइल त्याला सापडत नाही. ती झॅम्पच्या एचटीडॉक्स या पानं ठेवायच्या फोल्डरात आहे का, नाव नीट लिहिलंय का, एवढंच बघायचं. ५०० (सर्व्हरच्या आतली चूक) आला तर अपाचीचा एरर लॉग, म्हणजे चुकांची नोंदवही, उघडा. कंट्रोल पॅनलमध्ये 'लॉग्ज' असं बटणच दिलेलं असतं. डॉट एचटीअ‍ॅक्सेस या अपाचीच्या सेटिंग्ज ठेवणाऱ्या फाइलमधली एखादी चुकलेली ओळही ५०० दाखवायला पुरते, आणि लॉगमध्ये तिचा उल्लेख स्पष्ट असतो.

पानाऐवजी तुम्ही लिहिलेला कोडच दिसत असेल, तर अ‍ॅड्रेस बारकडे पाहा. तिथे सुरुवातीला 'फाइल' आहे का? म्हणजे फाइलवर डबल क्लिक झालंय. त्या वाटेने अपाची मध्ये येतच नाही, आणि अपाची नाही तर पीएचपीही नाही. ब्राउझरला एकट्याला पीएचपी कळत नाही. पत्ता नेहमी 'एचटीटीपी://लोकलहोस्ट/' असा टाइप करून, त्यापुढे फोल्डरचं आणि फाइलचं नाव द्यायचं. याची जुळी चूक नोटपॅडची. विंडोज एक्स्टेन्शन लपवतं, त्यामुळे 'डॉट पीएचपी' समजून जतन केलेली फाइल प्रत्यक्षात 'डॉट पीएचपी डॉट टीएक्सटी' असते. फाइल एक्स्प्लोररमध्ये एक्स्टेन्शन दिसण्याची सोय पहिल्याच दिवशी चालू करून ठेवा.

पोर्ट कोणी अडवलाय?

अपाचीला ८० आणि ४४३ हे दोन पोर्ट लागतात, मायएसक्यूएलला ३३०६. एका पत्त्यावरचा एक पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामकडे राहतो. विंडोजचा स्वतःचा वेब सर्व्हर आयआयएस चालू असेल तर ८० त्याच्याकडे असतो. व्हीएमवेअर या आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या काही आवृत्त्या ४४३ धरून बसतात. कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी आधी वेगळं मायएसक्यूएल टाकलं असेल, तर ३३०६ त्याने घेतलेला असतो, आणि हे हटकून विसरलं जातं.

अंदाजाने एकेक प्रोग्राम बंद करत बसू नका. कंट्रोल पॅनलमधलं 'नेटस्टॅट' बटण दाबलं की कोणता पोर्ट कोणाकडे आहे याची यादी समोर येते. ८० समोर 'सिस्टिम' आणि पीआयडी (चालू प्रोग्रामचा क्रमांक) ४ दिसलं तर घाबरू नका, ते आयआयएस किंवा विंडोजची तशीच एखादी सेवा असते. सर्व्हिसेसमध्ये जाऊन 'वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग' थांबवून बघा. ती सेवा दुसऱ्या कामासाठी हवी असेल, तर अपाचीच्या मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये 'लिसन ८०' च्या जागी 'लिसन ८०८०' करा आणि अपाची बंद करून पुन्हा चालू करा. मग पत्ताही बदलतो: लोकलहोस्ट:८०८०. कॉन्फिग बदलूनही जुनाच पत्ता टाकत राहणारे खूप भेटतात.

मायएसक्यूएल बंद पडलं म्हणून फाइली उडवू नका

हा भाग सावकाश वाचा, कारण इथे खरं नुकसान होतं. झॅम्पमध्ये २०१५ पासून मायएसक्यूएलच्या जागी मारियाडीबी हा त्यातूनच निघालेला डेटाबेस आहे, पॅनलवर नाव मात्र जुनंच आहे. डेटाबेस चालू असताना लॅपटॉपची बॅटरी संपली किंवा विंडोज तसंच बंद केलं, की पुढच्या वेळी 'अनपेक्षितपणे बंद झालं' असा लाल संदेश येऊ शकतो. नेटवर एक उपाय फिरत असतो: डेटा फोल्डरातली 'आयबीडेटा१' ही फाइल काढून टाका. सर्व्हर चालूही होतो. पण कोणत्या टेबलात काय आहे याची इनोडीबीची (टेबलं साठवणाऱ्या इंजिनाची) नोंद त्याच फाइलमध्ये असते. ती गेली की टेबलांची नावं दिसतात, उघडायला गेलं तर 'असं टेबल इंजिनात नाही' असं उत्तर मिळतं.

त्याऐवजी आधी अख्ख्या डेटा फोल्डरची प्रत दुसरीकडे ठेवा. मग मायएसक्यूएलचा लॉग वाचा. कधी कारण साधं ३३०६ पोर्टचंच निघतं. पोर्ट मोकळा असेल तर डेटा फोल्डरचं नाव बदलून 'डेटा जुना' करा आणि शेजारच्या 'बॅकअप' फोल्डरची प्रत काढून तिला 'डेटा' नाव द्या. जुन्यातून फक्त तुम्ही बनवलेल्या डेटाबेसचे फोल्डर आणि आयबीडेटा१ त्यात आणा. मायएसक्यूएल, परफॉर्मन्स स्किमा आणि पीएचपीमायअ‍ॅडमिन या नावांचे फोल्डर आणायचे नाहीत. बऱ्याचदा एवढ्याने काम होतं. आणि दर आठवड्याला ब्राउझरमधून डेटाबेस सांभाळायच्या पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून 'एक्स्पोर्ट' करून ती फाइल पेनड्राइव्हवर ठेवली, तर हा अख्खा परिच्छेद तुम्हाला कधी लागणार नाही.

जुने धडे, नवं पीएचपी

'मायएसक्यूएल_कनेक्ट' हे फंक्शन अस्तित्वात नाही, असा एरर आला तर तुमचं झॅम्प बिघडलेलं नाही, धडा जुना आहे. ही फंक्शनं पीएचपी ७ मध्ये, २०१५ सालीच काढून टाकली गेली. जुनं झॅम्प शोधून टाकू नका; मायएसक्यूएलआय किंवा पीडीओ हे डेटाबेसला जोडण्याचे नवे मार्ग शिका. पीएचपी डॉट आयएनआय ही पीएचपीच्या सेटिंग्जची फाइल बदलली की अपाची पुन्हा चालू करायलाच हवं, नाहीतर बदल लागू होत नाही.

मराठी मजकुराची प्रश्नचिन्हं

नाव 'सायली' भरलं आणि टेबलात '????' दिसलं, तर अक्षरसंच (कॅरेक्टर सेट) चुकलाय. डेटाबेस बनवतानाच यूटीएफ८एमबी४ निवडा, कनेक्शन जोडल्यावर लगेच तोच अक्षरसंच सांगा, आणि पानाच्या हेडमध्ये यूटीएफ-८ लिहा. तिन्ही ठिकाणी. एकदा प्रश्नचिन्ह म्हणून साठलेला मजकूर परत येत नाही, तो नव्यानेच भरावा लागतो.

लांबी मोजतानाही सांभाळा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. म्हणून 'मराठी' या शब्दाची लांबी पीएचपीचं एसटीआरलेन फंक्शन १५ सांगतं. एमबी_एसटीआरलेन ५ सांगतं, कारण ते काना आणि वेलांटी वेगळी मोजतं. आपण वाचतो ती तीन अक्षरं हवी असतील तर ग्राफीम_एसटीआरलेन वापरा. त्यासाठी पीएचपी डॉट आयएनआयमध्ये 'इंटल' एक्स्टेन्शनच्या ओळीपुढचा अर्धविराम काढावा लागतो. इंग्रजी धड्यांत हे क्वचितच सांगितलं जातं, आणि मराठी शीर्षकं सबस्ट्र फंक्शनने मध्येच कापली की शेवटी तुटकं चिन्ह उरतं ते याचमुळे.

मोबाइलवर दाखवायचंय?

झॅम्प शिकण्यासाठी आहे. त्यातल्या डेटाबेसचा मुख्य वापरकर्ता 'रूट' असतो आणि त्याला पासवर्ड नसतो. घरच्या वायफायवरून मोबाइलमध्ये पान बघायचं असेल, तर लॅपटॉपचा आयपी पत्ता 'आयपीकॉन्फिग' ने शोधा, फायरवॉलमध्ये अपाचीला फक्त 'प्रायव्हेट' नेटवर्कची परवानगी द्या आणि तो पत्ता मोबाइलवर टाका. पीएचपीमायअ‍ॅडमिन फक्त त्याच मशीनवरून उघडावं यासाठी कॉन्फिगमध्ये 'रिक्वायर लोकल' ही ओळ असते. ती बदलून 'सर्वांना परवानगी' करा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. हॉस्टेलच्या वायफायवर तर मुळीच नाही, तिथे त्याच नेटवर्कवरचा कोणीही तुमची टेबलं पुसू शकतो.