मोटरसायकलचा क्लच घसरतोय? क्लच प्लेटा मागवण्याआधी या चुका टाळा

"गाडी रेस होते, पण पळत नाही." हे ऐकलं की पुढचं वाक्य मला पाठ असतं: "प्लेटा मागवल्यात." कधीकधी तर प्लेटा पिशवीत घेऊनच माणूस आलेला असतो. क्लच लिव्हरला ढील किती आहे, म्हणजे वायर ताणली जाण्याआधी लिव्हर मोकळा किती हलतो, असं विचारलं, की तो माझ्याकडे असा बघतो जणू मी त्याची रास विचारली.

आधी एवढं तरी नक्की करा की क्लच घसरतोय की अडकतोय. लिव्हर पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकत असेल, न्यूट्रल सापडत नसेल, तर क्लच नीट सुटत नाहीये. तो वेगळा आजार आणि त्याचा उपाय बरोबर उलटा. घसरणारा क्लच नीट पकडत नाही. तपासायचं तर इंजिन पूर्ण गरम करा, मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये मध्यम वेगाने जाताना थ्रॉटल मोठा उघडा. आरपीएमचा काटा उडी मारून पुढे गेला आणि वेग मागेच राहिला, तर घसरतोय. जागेवर ब्रेक दाबून क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पडतं का बघायचं, या चाचणीवर विसंबू नका. क्लच अगदीच मेलेला असेल तरच ती पकडते. आणि जोर लावल्यावर कट-कट आवाज करत झटके बसत असतील, तर आधी चेन-स्प्रॉकेटचे दात बघा.

ढील न बघता इंजिन उघडणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण ती मीही केलेली आहे.

वापराने क्लच वायर लांबते आणि ढील वाढते, एवढं सगळ्यांना माहीत असतं. उलटंही होतं, ते कुणी लक्षात घेत नाही. प्लेटा झिजल्या की त्यांचा थर पातळ होतो, प्रेशर प्लेट (स्प्रिंगांच्या जोराने प्लेटा दाबून धरणारी तबकडी) तेवढी आत सरकते आणि वायरची ढील हळूहळू कमी होत जाते. एक दिवस ती शून्यावर येते. मग हात लिव्हरवर नसतानाही क्लच थोडासा दाबलेलाच राहतो, स्प्रिंगांचा पूर्ण जोर प्लेटांवर येत नाही आणि चढावर गाडी नुसती ओरडते. प्लेटांमध्ये अजून बराच जीव असतो.

बहुतेक वायरवाल्या गाड्यांना लिव्हरच्या टोकाशी 10 ते 20 मिलिमीटर ढील लागते. नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेत असतो, तोच धरा. मी आधी लिव्हरजवळचा अ‍ॅडजस्टर जवळजवळ पूर्ण आत फिरवतो, मग इंजिनाकडच्या टोकाला ढील बसवतो आणि शेवटची बारीक जुळणी पुन्हा लिव्हरजवळ करतो. दर वेळी चेनला तेल देताना करंगळीने लिव्हर हलवून बघायची सवय आहे, तिला अर्धा मिनिटही लागत नाही.

आता माझा पराक्रम ऐका. बऱ्याच वर्षांपूर्वी गाडीला उंच हँडल बसवलं. वायर जुनीच ठेवली, पुरतेय असं वाटलं. काही आठवड्यांनी चढावर क्लच घसरायला लागला. मी थेट प्लेटा, स्प्रिंगा, पॅकिंग मागवलं आणि रविवारी साइड कव्हर उघडलं. जुन्या प्लेटा व्हर्नियरने मोजल्या तर सगळ्या मर्यादेच्या आत. तिथेच थांबायला हवं होतं. पण नवा माल समोर मांडलेला, हात तेलाने बरबटलेले. म्हटलं, उघडलंय तर टाकूनच घेऊ. टाकल्या. आठवडाभरात पुन्हा तेच, वर जळका वास.

मग एका रात्री गाडी लावताना हँडल लॉक करायला वळवलं आणि हाताला जाणवलं की लिव्हर ताठ झालाय. सरळ हँडललाही ढील नावापुरतीच होती. उंच हँडलमुळे वायर ओढली गेली होती आणि मी महिनाभर अर्ध्या क्लचवर गाडी चालवत होतो. पुन्हा उघडलं तेव्हा स्टीलच्या प्लेटा तापून निळ्या पडल्या होत्या. नवा कोरा संच कचऱ्यात गेला आणि दुखणं गेलं ते थोड्या लांब वायरने. तेव्हापासून ढील बघताना मी हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवतो, तेही इंजिन गार असताना एकदा आणि गरम असताना एकदा.

"चांगलं महागडं ऑइल टाकलंय"

बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडून काम करतो. कारच्या इंजिनाला हा प्रश्न नसतो, म्हणून कारच्या बऱ्याच पातळ ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे पदार्थ घालतात. इंजिनाला ते बरे. पण क्लचचं पोट घर्षणावरच भरतं, तो उपाशी मरतो.

डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए2' लिहिलेलं बघा. जपानमध्ये हे प्रमाण 1998 मध्ये आलं, ते याच भानगडीसाठी. 'एमबी' लिहिलेलं ऑइल कमी घर्षणाचं असतं. बेल्टवर चालणाऱ्या, क्लच कोरडा असलेल्या स्कूटरला ते चालतं, तुमच्या गिअरच्या गाडीला नाही. एपीआय या अमेरिकन संस्थेच्या गोल शिक्क्याच्या खालच्या भागात 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' असेल, तर तेही कमी घर्षणाचंच समजा आणि डबा परत ठेवा. ऑइल सिंथेटिक आहे की मिनरल, यावरून लोक तासन्‌तास भांडतात, पण क्लचला त्याचं काही पडलेलं नसतं.

ऑइल बदलल्यानंतर थोड्याच दिवसांत घसरणं सुरू झालं असेल, तर आधी संशय ऑइलवर घ्या. ते काढा, फिल्टर बदला, योग्य ऑइल भरा, थोडं चालवा आणि पुन्हा बदला. वेळीच केलं तर क्लच बऱ्याचदा पूर्ववत होतो. घसरत असतानाच महिनाभर दामटली असेल, तर प्लेटा काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या असतात. त्या पॉलिश पेपरने घासून बसवायची युक्ती तुम्हाला कुणीतरी सांगेलच. काही दिवस पकडतातही. मग तेच कव्हर, तेच पॅकिंग, तोच रविवार.

उघडावंच लागलं तर

फक्त कडक स्प्रिंगा टाकून काम भागवू नका. लिव्हर जड होतो, मनगट दुखतं आणि झिजलेल्या प्लेटा झिजलेल्याच राहतात. स्प्रिंगा बदलायच्या तर पूर्ण संच, एखादीच नाही.

नव्या फ्रिक्शन प्लेटा कोरड्या बसवू नका. मी आदल्या रात्रीच त्या इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवतो. ज्यांना एवढाही धीर नाही त्यांनी निदान काही तास तरी थांबावं. कोरड्या प्लेटा पहिल्याच फेरीत जळू शकतात.

स्टीलची प्लेट काचेवर ठेवून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) वाकलीय का बघा. निळी पडलेली असेल तर मी मोजतही नाही, टाकूनच देतो.

प्लेटा काढताना प्रत्येक थराचा फोटो काढा. काही गाड्यांत एक फ्रिक्शन प्लेट अरुंद असते आणि तिच्या आत जडर स्प्रिंग (क्लच पकडतानाची थरथर कमी करणारी) बसते, तिला दिशा असते. काहींत शेवटची प्लेट वेगळ्या खाचेत जाते. "लक्षात राहील" म्हणणाऱ्याच्या हातात शेवटी एक कडी उरते.

स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरचे धरून थोडे थोडे आवळा. ते बारीक असतात, अंगातली ताकद दाखवायची ती जागा नव्हे.

जुनं पॅकिंग स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका. त्या ओरखड्यातून ऑइल आयुष्यभर पाझरतं.

हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारा क्लच असेल तर वायरचा प्रश्नच नाही, पण बाहेरून आणलेला लिव्हर त्याच्याजवळच्या मास्टर सिलिंडरचा (द्रवावर दाब देणाऱ्या नळकांड्याचा) दांडा सतत किंचित दाबून ठेवू शकतो. मग द्रव टाकीत परत जात नाही, गरम होऊन फुगतो आणि क्लच अर्धवट उघडतो. सकाळी गाडी छान, तासाभराने घसरते, असं असेल तर आधी तिथे बघा.

रस्त्यातच घसरायला लागला, तर थांबून लिव्हरजवळचा अ‍ॅडजस्टर हाताने आत फिरवा आणि ढील द्या. त्यानेही भागलं नाही, तर खालच्या गिअरमध्ये, हलक्या थ्रॉटलवर घरी या. मागे कुणी बसलं असेल तर त्याला चढावर उतरवा.