नवजात बाळाच्या कोपराचं फ्रॅक्चर: निदान आणि उपचार

बाळ एक हात हलवत नाही, कोपर सुजलंय, कपडे बदलताना किंचाळून रडतं. मोरो रिफ्लेक्समध्ये (दचकल्यावर बाळ दोन्ही हात पसरतं तेव्हा) तो हात उचलला जात नाही. असं बाळ आलं की ‘अर्ब पाल्सी’ (प्रसूतीत मानेजवळच्या मज्जातंतूंना इजा होऊन हात लुळा पडणं) लिहून मोकळं होऊ नका. मज्जातंतूंच्या इजेत कोपर सुजत नाही. ताप असेल, बाळ दूध ओढत नसेल तर सांध्यातला जंतुसंसर्ग आधी तपासा, तिथे उशीर परवडत नाही. पायाळू बाळ, अडकलेला खांदा अशा अवघड प्रसूतीत ही इजा होते, सिझेरियनमध्येही होऊ शकते.

या वयात दंडाच्या हाडाचं खालचं टोक सगळंच कूर्चेचं (मऊ, अजून हाड न झालेलं) असतं आणि वाढपट्टी, म्हणजे हाड जिथून वाढतं तो थर, अस्थिबंधांपेक्षा कमजोर. म्हणून सांधा निखळत नाही, पूर्ण टोकच वाढपट्टीतून सुटतं. कूर्चा एक्स-रेवर दिसत नाही. दिसतं ते इतकंच: पुढच्या हाताची दोन्ही हाडं एकमेकांशी जुळलेली, पण दंडाच्या रेषेपासून बहुधा मागे आणि आतल्या बाजूला सरकलेली. रिपोर्टवर ‘डिसलोकेशन’ (सांधा निखळला) आलं तरी नवजात बाळात हेच फ्रॅक्चर धरून चाला.

खात्री सोनोग्राफीने होते. हाय-फ्रिक्वेन्सी लिनियर प्रोब (वरवरचे भाग स्पष्ट दाखवणारा, सरळ तोंडाचा) कोपराच्या मागून उभा धरा. कूर्चेचं टोक आणि दंड यांच्यात पायरी दिसते, रेडियसचं (पुढच्या हाताच्या अंगठ्याकडच्या हाडाचं) डोकं मात्र टोकासमोर जागेवर असतं. दुसऱ्या कोपराशी ताडून बघा. भूल लागत नाही.

टोक फार सरकलेलं नसेल तर कोपर साधारण ९० अंशात ठेवून, भरपूर कापूस घालून मागून प्लास्टरचा स्लॅब (एकाच बाजूची पट्टी) लावा, २ ते ३ आठवडे. बोटं उघडी ठेवा. ती निळी, थंड किंवा फुगलेली दिसली तर स्लॅब लगेच सैल करा. आठवड्याच्या आत पुन्हा तपासा, टोक आतल्या बाजूला सरकू शकतं. जास्त सरकलेलं असेल तर भूल देऊन, आर्थ्रोग्रामवर (सांध्यात रंगद्रव्य सोडून काढलेल्या एक्स-रेवर) बघत हलक्या हाताने बसवतात आणि गरजेप्रमाणे बारीक, गुळगुळीत के-वायर (हाड जागेवर धरणारी धातूची तार) घालतात.

बाळ उशिरा आलं आणि एक्स-रेवर नवं हाड धरलेलं दिसलं, तर ओढाताण करू नका. त्याने वाढपट्टीच दुखावते. स्लॅब लावून जुळू द्या. पुढे कोपर आत वळलेलं राहिलं तर मूल मोठं झाल्यावर ऑस्टिओटॉमी (हाड कापून सरळ करण्याची शस्त्रक्रिया) करता येते. म्हणून काही वर्षं फेरतपासणी चालू ठेवावी, आतल्या बाजूची वाढ खुंटली तर ती उशिराच लक्षात येते.