नाडी मोजताना ठेकाही बघा
सकाळी चहाआधी पाच मिनिटं शांत बसा. मग मनगटावर, अंगठ्याच्या मुळाखाली दोन बोटं टेकवा. अंगठा नको, त्याची स्वतःचीच नाडी जाणवते. पूर्ण एक मिनिट मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणायची सवय इथे उपयोगाची नाही, आकड्याइतकाच ठेकाही महत्त्वाचा. एखादा ठोका चुकला तर लगेच घाबरू नका, तसं बऱ्याच जणांना होतं. पण ठोके कधी लागोपाठ, कधी रेंगाळत, कसेही पडत असतील तर एट्रियल फिब्रिलेशनची, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडल्याची, शंका घ्या. त्यात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. बीपीच्या मशीनवर अनियमित ठोक्यांची खूण वारंवार दिसली तरी तेच. तारीख-वेळ लिहा, ईसीजी काढून घ्या. छातीत दुखलं किंवा भोवळ आली तर मोजत बसू नका, थेट १०८.