किल्ल्यात डबा नको, कोडं ठेवा

जिओकॅशिंग म्हणजे जीपीएसवरची लपाछपी. एकानं डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे, बाकीच्यांनी तो हुडकून आतल्या वहीत नाव लिहायचं.

माझा पहिला डबा, खरं तर फिल्मच्या रोळाची डबी, मी ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर एका भिंतीच्या फटीत खोचला. पंधरा दिवसांनी बघतो तर आजूबाजूच्या सांध्यांतला चुना उकरलेला! शोधणाऱ्यांना काय बोलणार? जीपीएस मोकळ्यावरही पाचेक मीटर चुकतो, उंच दगडी भिंतीशेजारी आणखी. डबी एका फटीत असते, काड्या पन्नास फटींत जातात. मी ती तेव्हाच काढली. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, हे नंतर वाचलं आणि घाम फुटला.

आता वास्तूत फक्त कोडं ठेवतो, डबा लांब. किल्ल्याच्या चढावर एकाच खडकात कोरलेलं चतुर्भुज मंदिर आहे. तिथल्या इ.स. ८७६च्या शिलालेखात देवाच्या फुलबागेचं माप आहे: २७० हात लांब, १८७ रुंद. त्या २७०मधलं शून्य हे भारतातल्या सर्वांत जुन्या कोरीव शून्यांपैकी एक, ते बघायला लांबून लोक येतात. माझं कोडं असं: लष्कर या ग्वाल्हेरच्याच भागातल्या दिलेल्या बिंदूपासून, बागेची जितकी लांबी तितके मिनिटाचे (अंशाच्या साठाव्या भागाचे) हजारांश उत्तरेला, जितकी रुंदी तितके पूर्वेला. उत्तरेकडे एक हजारांश म्हणजे साधारण १.८५ मीटर, म्हणजे अर्धा किलोमीटर. (उत्तर इथंच फोडलं, आता नवं कोडं घालणं आलं.) लेख डोळ्यांनी वाचायचा, खडू, ओलं बोट काही लावायचं नाही.

डबा मित्राच्या दुकानाच्या ओट्याखाली आहे, त्याला विचारून. जागेच्या मालकाची परवानगी हा खेळाचाच नियम, आणि त्याच्या स्पष्ट परवानगीशिवाय पुरायचा नाही हाही. डबा पारदर्शक, घट्ट झाकणाचा घ्या आणि वर ‘खेळाचा डबा’ असं ठळक लिहा, नाहीतर बेवारस वस्तू म्हणून पोलीस येतील. आत पेन्सिल, पावसात पेनाची शाई पसरते. खाऊ अजिबात नको, मुंग्या लागतात. वस्तू उचललीत तर तितक्याच मोलाची ठेवा.

शोधायला आलेला माणूस दुकानातून काहीतरी घेतोच, म्हणून मित्र हल्ली विचारतो, “दुसरा डबा कधी?” दोन डब्यांत १६१ मीटर अंतर लागतं, म्हणजे दुसरा पलीकडच्या गल्लीतल्या वाण्याकडे जाणार, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.