वादळानंतर फ्लोरिडाच्या पाण्यात उतरताय? या चुका टाळा

वादळ गेलं, लाईट आली, चला आता गराज साफ करू म्हणून माणसं स्लीपर घालून तशीच पाण्यात उतरतात आणि खरी भानगड तिथनं सुरू होते. टॅम्पा, फोर्ट मायर्सकडे आपली बरीच मंडळी आहेत म्हणून हे लिहितोय. दर सीझनला ते 'मांस खाणारा जंतू'वाले मेसेज फिरतात, घाबरतात सगळे, पण नक्की करायचं काय ते कोणी सांगत नाही.

जंतूचं नाव व्हिब्रिओ व्हल्निफिकस, कॉलऱ्याच्या जंतूचा चुलतभाऊच म्हणा. मांस वगैरे खात नाही, त्याच्या विषाने मांस मरतं, आणि माणसाकडून माणसाला लागत नाही, त्यामुळे शेजाऱ्याला झालं म्हणून त्याच्यापासून लांब पळू नका. पण लागण झालेल्या साधारण पाचातला एक जातो, कधीकधी एकदोन दिवसांतच. 2022 ला इयान वादळ आलं त्या वर्षी फ्लोरिडात 74 केसेस आणि 17 मृत्यू, 2023 ला 46 आणि 11, आणि 2024 ला हेलीन आणि मिल्टन दोन आठवड्यांच्या आत पाठोपाठ आली त्या वर्षी 82 आणि 19.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाणी स्वच्छ दिसतंय ना, मग झालं. हा जंतू गटारातून येत नाही हो, तो खाडीत, समुद्रात मुळातच असतो. त्याला लागतं कोमट आणि मचूळ पाणी, म्हणजे धड खारं नाही धड गोडं नाही असं. सप्टेंबरात इथलं समुद्राचं पाणी 28-30 डिग्री असतंच, त्यात वादळ समुद्र उचलून घरात आणतं (इयानला फोर्ट मायर्स बीचवर 10 ते 15 फूट पाणी होतं), वर पाऊस पडून खारटपणा उतरतो, आणि त्याला पाहिजे तस्सं पाणी तुमच्या ड्राइव्हवेवर तयार. म्हणून नितळ पाण्यातही तो असू शकतो.

याच्यातच दुसरी चूक अडकलीये आणि ती भल्याभल्या शिकलेल्यांची होते. बीचवरची 'पोहू नका' पाटी निघाली की पोरं घेऊन निघाले. ती पाटी ज्या टेस्टवर लागते ती एन्टरोकोकाय नावाच्या जंतूची, म्हणजे पाण्यात मैला मिसळलाय का ते बघायची, 100 मिलीलीटरमध्ये 70.5 किंवा त्याच्या वर गेला आकडा की 'पुअर'. व्हिब्रिओ त्या टेस्टमध्ये मोजतच नाहीत! तेव्हा 'गुड' आलं म्हणजे गटाराचं पाणी नाही एवढंच समजायचं, पायाला चिरा असतील तर त्या 'गुड'चा तुम्हाला काही उपयोग नाही.

आणि आपली कोकणी समजूत, खाऱ्या पाण्याने जखम बरी होते. आजी सांगायची, मान्य, पण इथे नका ऐकू तिचं. खरचटलंय, नवीन टॅटू आहे, ऑपरेशनचे टाके आहेत, तर पाण्यात जायचंच नाही, जावंच लागलं तर वॉटरप्रूफ पट्टी, गमबूट आणि जाड हातमोजे. साधी कापडी पट्टी पाणी पिते, ती लावली काय नि न लावली काय सारखंच. पाण्यात असताना कापलं तर लगेच साबण आणि नळाच्या स्वच्छ पाण्याने धुवायचं, हळद दाबून बसू नका.

डायबेटीस, लिव्हरचा त्रास, शरीरात लोह साठायचा आजार, यातलं काही असेल तर साफसफाई दुसऱ्या कोणाला तरी करू द्या, लाजू नका. आणि कच्ची ऑयस्टर, म्हणजे कालवं, अजिबात नको, लिंबू पिळून किंवा हॉट सॉस ओतून जंतू मरत नाहीत. आपण कालवं शिजवून खातो तेच बरोबर.

आता समजा झालंच. जखमेभोवती लाली पसरतेय, जखम एवढीशी पण दुखणं भयंकर, ताप, थंडी, जांभळट फोड. इथे लोक काय करतात तर इंडियाहून आणलेला गोळ्यांचा डबा उघडतात, त्यात डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन नावाचं अँटिबायोटिक) सापडते आणि सकाळपर्यंत बघू म्हणतात. मुंबईत पुराच्या पाण्यातून चालल्यावर लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस) डॉक्सी देतात ते वेगळं प्रकरण, इथे डॉक्सीच्या जोडीला शिरेतून दुसरं अँटिबायोटिक लागतं आणि बऱ्याचदा सर्जनही, त्यामुळे ते घरी होण्यासारखं नाही. लालीच्या कडेने पेनाने रेघ मारा म्हणजे किती पसरतेय ते डॉक्टरला दिसेल, पण रेघ ओलांडायची वाट बघत घरी बसू नका, सरळ इमर्जन्सी गाठा, इन्शुरन्सच्या डिडक्टिबलचा (आपल्या खिशातून भरायच्या रकमेचा) हिशोब नंतर. आणि काउंटरवर नुसतं पाय सुजलाय म्हणू नका, पहिलं वाक्य हेच, काल वादळाच्या खाऱ्या पाण्यात होतो आणि पायाला उघडी जखम होती.