धुळ्याच्या आमच्या घरात आधी कोण राहायचं, ते असं सापडलं

जुन्या धुळ्यातलं धाब्याचं घर आजोबांनी विकत घेतलेलं, पण त्याआधी कोण राहायचं ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. मी घरपट्टीच्या पावत्यांवरून शोधायला गेलो आणि घर नंबरच मधे बदललेले, दोन महिने वाया. मग सिटी सर्व्हे नंबर (सरकारी मोजणीत जागेला मिळालेला नंबर) धरला आणि प्रॉपर्टी कार्डावरचे, म्हणजे जागेच्या मालकीच्या सरकारी उताऱ्यावरचे, फेरफार (मालकी-हक्क बदलल्याच्या नोंदी) खालून वर वाचत गेलो, खरेदी, वारस, गहाण, एकेक नाव मागे. एक मात्र लक्षात ठेवा, खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे 1906 ला झाले, त्याआधीच्या दस्तात जिल्हा नुसता खान्देश. गहाणखत मोडी लिपीत होतं, जाणकाराकडून वाचून घेतलं, त्यात विहिरीवर शेजाऱ्यांचाही पाण्याचा हक्क लिहिलेला. आमच्या विहिरीला रहाटाच्या खाचा दोन्ही बाजूंना का, ते तेव्हा कळलं, अंगावर काटाच आला.