टर्बाइनचा शाफ्ट: क्रिटिकल स्पीड काढताना बेअरिंगचा ताठपणा धरा

लहान गॅस टर्बाइनचा शाफ्ट आखताना पहिला आकडा काढायचा तो क्रिटिकल स्पीडचा. या वेगाला फिरण्याची वारंवारता शाफ्टच्या स्वतःच्या वाकण्याच्या वारंवारतेशी जुळते. मग असंतुलन अगदी थोडे असले तरी थरथर वाढत जाते आणि पात्यांची टोके केसिंगला घासतात.

समजा, ४० मिमी व्यासाचा भरीव पोलादी शाफ्ट आहे, दोन बेअरिंगमध्ये ६०० मिमी अंतर आणि मधोमध २० किलोची डिस्क. डिस्कच्या वजनाने शाफ्ट ०.०३४ मिमी वाकतो. ९४६ ला या आकड्याच्या वर्गमुळाने भागले की सुमारे ५,१०० आरपीएम मिळतात.

चूक होते ती इथे थांबल्यामुळे. या हिशेबात बेअरिंग जराही दबत नाही असे गृहीत आहे. प्रत्येक आधाराचा (बेअरिंग आणि त्याची बैठक मिळून) ताठपणा ५,००० न्यूटन प्रति मिमी धरा, तोच वेग ४,१०० वर येतो. शाफ्टचे स्वतःचे जवळपास सहा किलो वजन धरले की आणखी सहा-सात टक्के घट. व्यास ५० मिमी केला तर? ताठ बेअरिंगच्या हिशेबाने ८,००० दिसतात, प्रत्यक्षात ५,२०० सुद्धा भरत नाहीत. म्हणून शाफ्ट जाड करण्याआधी आधार तपासा.

इंजिन ७,५०० ते १२,००० आरपीएमवर चालणार असेल, तर पहिला क्रिटिकल खालीच असू द्या आणि सुरू करताना तो झटकन ओलांडा. दुसरा १४,४०० च्या वर हवा, म्हणजे २० टक्के अंतर राहते. जायरोस्कोपिक परिणामामुळे, म्हणजे फिरती डिस्क कलण्याला विरोध करते त्यामुळे, वारंवारता वेगाबरोबर बदलते, म्हणून कॅम्पबेल आलेख (वेगानुसार वारंवारता दाखवणारा) काढाच. दोन स्पूल (वेगवेगळ्या वेगाने फिरणारे दोन शाफ्ट-संच) असतील तर दुसऱ्याच्या वेगाची रेषाही त्यावर हवी.

क्रिटिकल ओलांडताना थरथर आवरतो तो स्क्वीझ फिल्म डॅम्पर: बेअरिंगच्या न फिरणाऱ्या बाहेरच्या रिंगभोवती ०.१ मिमीच्या आसपास तेलाची फट. फट फार कमी झाली तर डॅम्पर ताठ आधारासारखा वागतो, फार वाढली तर कंपन जिरत नाही.

बॅलन्सिंग दोन प्रतलांत, म्हणजे शाफ्टच्या लांबीवरच्या दोन जागी, करा. जी २.५ या बॅलन्सिंगच्या अचूकतेच्या श्रेणीत १२,००० आरपीएमला रोटरच्या दर किलोमागे २ ग्रॅम-मिमी एवढेच असंतुलन चालते. भाग सुटे करण्याआधी खुणा करा, नाहीतर पुन्हा जोडताना हे सगळे वाया जाते.

क्रिटिकलच्या वर चालणाऱ्या रोटरमध्ये स्प्लाइनचे (शाफ्ट जोडणाऱ्या खाचा-दात्यांचे) घर्षणही थरथरीला खतपाणी घालते. कंपनाच्या स्पेक्ट्रममध्ये (कोणत्या वारंवारतेला किती कंपन, या आलेखात) फिरण्याच्या वारंवारतेखाली मोठे शिखर दिसले, तर बॅलन्सिंगवर वेळ घालवू नका. स्प्लाइनचे फिट आणि वंगण तपासा, मग डॅम्परला तेल नीट पोहोचते का ते पाहा.